हूं म्हणणारे दाजी

बोलणारी माणसं कोणत्याही चौकात भेटतात, पण खरा ऐकणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो आमच्या अक्काला नवरा म्हणून मिळाला. आमचे हे दाजी उदगीरच्या मोंढ्यात आडत दुकान चालवायचे. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, पांढरं धोतर, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की समोरच्याने आता काहीतरी सांगावं. आमच्या भागात गोष्ट एकट्याने सांगायची रीत नाही. सांगणाऱ्याने एक वाक्य सांगायचं आणि ऐकणाऱ्यातल्या एकाने ‘हूं’ म्हणायचं. हूं आली की गोष्ट एक पाऊल पुढे जाते. हूं थांबली की तिथल्या तिथे थांबते, मग राजाचा एक पाय रिकिबीत आणि एक जमिनीवर का असेना. दाजी हे हूं म्हणण्याचं काम लहानपणापासून करत आले होते, आणि ते फक्त गोष्टीपुरतं करायचं असतं हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

त्यांच्या हूंचे प्रकार होते. प्रवासाला निघालेल्या माणसासाठी लांबट हूं, सासुरवासासाठी नाकातून काढलेली हूं, कुणी मेलं तर खाली उतरत जाणारी हूं, आणि गोष्ट अडली तर मागून हलकेच धक्का दिल्यासारखं ‘मग?’. हे ‘मग?’ फार धोक्याचं होतं. एकदा अहमदपूरकडचा एक शेतकरी करडई घेऊन त्यांच्या दुकानी आला. बैलाला काय झालंय ते सांगू लागला. दाजी म्हणाले, ‘मग?’ बैलावरून तो ज्याच्याकडून बैल घेतला त्या पाहुण्यावर गेला, पाहुण्यावरून मेहुणीच्या सोयरिकीवर, आणि दिवेलागणीला गहिवरून दाजींचे हात हातात घेऊन, मन हलकं झालं म्हणत, करडई न विकताच गाडी जुंपून गावाकडे गेला. शेतकी खात्याच्या एका साहेबांना शाळेत दहा मिनिटं बियाण्यावर बोलायचं होतं. पहिल्या ओळीत दाजी बसले होते. साहेब बियाण्यावरून खतावर, खतावरून आपल्या बदलीवर आणि बदलीवरून सासूबाईंच्या स्वभावावर आले तेव्हा मुख्याध्यापकांनी स्वतः उठून घंटा वाजवली. रेडिओवरच्या बातम्यांनाही दाजी हूं म्हणत, आणि बातम्या संपल्या की रेडिओकडे बघून खिन्नपणे ‘बस, एवढंच?’ म्हणत.

सगळ्यात हाल अक्काचे. लग्नानंतर तिने पुष्कळदा मन लावून भांडायचा प्रयत्न केला. सांगितलेली वांगी न आणता दाजी बाजारातून हात हलवत आले, की ती कंबर बांधून सुरुवात करायची. दाजी समोर मांडी घालून बसत आणि पहिल्याच वाक्याला ‘हूं’ म्हणत. दुसऱ्याला ‘अस्सं?’ तिसऱ्याला ‘मग?’. अक्का नाइलाजाने पुढे सांगायची, आणि सांगता सांगता वांग्यावरून आमच्या आईच्या हातच्या भरीत-भाकरीवर येऊन पोचायची. शेवटी दोघंही हसत असायची. अक्का मला म्हणायची, “ह्या मानसासंगं भांडताच येत न्हाई रे. भांडनाची गोष्ट होऊन जाती.” पण कुणाच्या घरी माती झाली की गल्लीतली माणसं दाजींनाच बोलावून न्यायची, हेही खरं. सगळे माना खाली घालून बसलेले असत आणि घरातली बाई दगडासारखी झालेली असे. दाजी जाऊन कोपऱ्यात बसायचे. तिच्या तोंडून एखादा शब्द निघाला की हलकी हूं द्यायचे, आणि मग ती बाई बोलायची, रडायची, आणि शेवटी घोटभर चहा घ्यायची.

उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा नवा नवा झाला, त्याच काळात दुष्काळही पडला. मी तेव्हा लातूरला शाळेत मास्तर होतो. नव्या जिल्ह्याचं नाव व्हावं म्हणून गावातल्या काही मंडळींनी गोष्टी सांगण्याचा महोत्सव भरवायचं ठरवलं. समितीत मला घेतलं आणि सतरंज्या व पाण्याचे माठ माझ्याकडे दिले. त्या वर्षी माठ सांभाळणं म्हणजे तिजोरी सांभाळणंच होतं. पाऊस नाही आणि उत्सव कसला, असं बरेच जण म्हणाले. दाजी उदगीरहून एसटीने मुद्दाम बैठकीला आले आणि म्हणाले, “रानात काम न्हाई, मोंढ्यात माल न्हाई. मानसं नुसती एकमेकाच्या तोंडाकडं बघून राहिलीत. आता न्हाई ऐकायचं तर कवा ऐकायचं?” समितीला ते पटलं. लगेच दाजींनी पुढची गोष्ट काढली. देगलूरला एक म्हातारी अव्वा आहे, तिच्यासारखी गोष्ट सांगणारं आपल्या मुलखात कुणी नाही, तिला आणलंच पाहिजे. समितीचे अध्यक्ष वकील होते. ते म्हणाले, देगलूर नांदेड जिल्ह्यात येतं, आणि हा महोत्सव आपल्या नव्या जिल्ह्याचा आहे. दाजींनी विचारलं, कालपरवापर्यंत आपण उस्मानाबादचे होतो, तेव्हा आपल्या गोष्टी काय निराळ्या होत्या? वकीलसाहेबांना यावर कलम सापडलं नाही, आणि अव्वा मंजूर झाली.

अव्वाला आणायला दाजींबरोबर मीही देगलूरला गेलो. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोरचं माणूस तिला सावलीसारखं दिसायचं, म्हणून ती आवाजाकडे तोंड करून बसे. मराठी बोलता बोलता ती मध्येच तेलुगूत जाई आणि कानडीतून परत येई. दाजींनी ‘शरणार्थ’ म्हणत नमस्कार केला आणि येण्याचं कारण सांगितलं. ती नाही म्हणाली. उभा जन्म तिची जाऊ तिच्या गोष्टीला हूं म्हणत आली होती. जाऊ वारली, आणि तेव्हापासून अव्वाने एकही गोष्ट सांगितली नव्हती. “मला तर दिसत न्हाई, लेकरा. हूं न्हाई आली तर समोर कोन हाय का न्हाई, मला काय कळावं? गोष्ट सांगू कुनाला, भिंतीला?” असं ती म्हणाली. तिच्याकडे कोष्ट्याच्या पोरीची एक लांबलचक गोष्ट होती, ती दुसऱ्या कुणालाच पुरती येत नव्हती. आता ती तिच्याबरोबरच जाणार, हे तिलाही माहीत होतं आणि त्याचं तिला दुःखही होतं. दाजींनी तिचे दोन्ही हात धरले. म्हणाले, “मी हाव की, अव्वा. तू सांग, मी हूं म्हनतो. माझा शब्द हाय.” बराच वेळ ती त्यांचे हात चाचपत राहिली आणि मग तिने नातवाला पिशवी भरायला सांगितलं.

महोत्सव शाळेच्या मैदानावर होता. मैदानाच्या कडेलाच पाण्याचा टँकर यायचा, त्यामुळे एका बाजूला मांडव आणि दुसऱ्या बाजूला घागरी-कळशांची रांग, असा एकूण थाट. बाया घागरींपाशी बसून टँकरची वाट बघत होत्या. त्यांना कुणी निमंत्रण दिलेलं नव्हतं. पहिले कथाकथनकार पुण्याहून आले होते. गोष्ट तोंडपाठ, हातवारे बसवलेले, आवाज कुठे कापरा करायचा तेही ठरलेलं. ते फार नाजूक जागी थांबत, रुमाल काढत, आणि त्या शांततेत मांडवाने व्याकूळ व्हावं अशी त्यांची अपेक्षा असे. पहिल्या ओळीत दाजी होते. पहिल्या शांततेत ते म्हणाले, ‘हूं.’ दुसऱ्या शांततेत, ‘मग?’ पाहुणे दचकून ‘सांगतो, सांगतो’ म्हणाले. शेवटी गोष्टीतला म्हातारा आजारी पडला, पाहुण्यांनी रुमाल डोळ्यांना लावला आणि सगळा मांडव गप्प झाला. दाजींना राहवलं नाही. अगदी घरच्या माणसाच्या काळजीने त्यांनी विचारलं, “गेला का काय म्हातारा?” गोष्टीचा शेवट नेमका तोच होता. मांडव हसून लोटपोट झाला, आणि पाहुणे उरलेली दोन वाक्यं न बोलताच खाली बसले.

वकीलसाहेबांनी दाजींना मांडवामागे नेलं. मीही माठ सोडून मागे गेलो. दाजी खरोखरच गोंधळले होते. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला एकट्याला कसं बोलू द्यायचं, असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. वकीलसाहेब म्हणाले, शहरात शांत राहून ऐकतात, त्यालाच सभ्यता म्हणतात, आणि नव्या जिल्ह्याची अब्रू आज तुमच्या तोंडात आहे. मग त्यांनी दाजींना गळ्यातल्या लिंगावर हात ठेवायला लावून, कार्यक्रम संपेपर्यंत चकार शब्द काढणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली. पाहुण्याला दुखावल्याच्या अपराधी भावनेत दाजींनी ती घेतलीही. अव्वाला दिलेला शब्द त्यांना आठवला तेव्हा वकीलसाहेब निघून गेले होते आणि ध्वनिक्षेपकावरून अव्वाचं नाव पुकारलं जात होतं.

अव्वा खुर्चीवर बसायला तयार झाली नाही. खाली सतरंजीवर बसली. निवेदकाने श्रोत्यांना संपूर्ण शांतता राखण्याची विनंती केली आणि आमच्या सुसंस्कृत श्रोत्यांनी ती तंतोतंत पाळली. अव्वाने सुरुवात केली. कोष्ट्याची पोरगी सात डोंगरांपलीकडे दिलेली, माहेरची वाट शोधत रानात निघाली. अव्वा थांबली. मांडवातून एकही हूं आली नाही. तिने आणखी एक वाक्य सांगितलं आणि पुन्हा थांबली. दाजी पहिल्या ओळीत एक हात लिंगावर, दुसरा तोंडावर ठेवून बसले होते. मान मात्र इतक्या जोरात हलवत होते की टोपी खाली पडली. पण अव्वाला मान दिसणार कशी? ती चेहरा इकडून तिकडे वळवत राहिली. आपणच हूं म्हणावं असं वाटलं, पण माझी जीभ मास्तरची. गप्प बसायला शिकवण्यातच तिचा जन्म गेलेला. अव्वा हळूच म्हणाली, “पोरगी रानात उभी हाय. कोनी हाय का? न्हाई तर म्या जाते.”

“हूं,” तिच्या पाठीमागून आवाज आला.

घागरींच्या रांगेतली एक बाई होती. तिच्या शेजारणीने दुसरी हूं दिली. मग रांगेतून हूं येऊ लागल्या, जात्यावर बसल्यासारख्या एका लयीत. अव्वाचा चेहरा उघडला. तिने मांडवाकडे पाठ केली, त्या आवाजाकडे तोंड केलं, आणि कोष्ट्याची पोरगी चालू लागली. एक डोंगर झाला, दुसरा झाला. पोरीने पाखराला वाट विचारली, पाखराने तेलुगूत सांगितली. लोक खुर्च्या सोडून पुढे सरकले. आणि मग टँकर आला. दुष्काळात टँकर कुणासाठी थांबत नाही. बाया नाइलाजाने एकेक करून उठल्या, हूं विरळ होत गेल्या, आणि शेवटची म्हातारीही कळशी घेऊन उठली. अव्वा पुन्हा थांबली. पोरगी सहाव्या डोंगरावर होती.

वकीलसाहेबांनी दाजींकडे बघितलं. एवढ्या वेळात त्यांचंही सभ्यतेबद्दलचं मत थोडं पातळ झालं असावं. ते वाकून दाजींना म्हणाले, “तुमची शपथ मी सोडवली. म्हणा आता.” दाजींनी तोंड उघडलं. उभ्या जन्मात रेडिओलाही हूं म्हटलेला तो माणूस, पण आवाज फुटेना. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यांनी हाताने नुसतीच खूण केली, तुम्ही म्हणा. वकीलसाहेबांनी घसा साफ केला, न्यायाधीशासमोर उभं राहावं तसे उभे राहिले आणि म्हणाले, “हूं.” मग निवेदक म्हणाला. मग पुण्याचे पाहुणे, डोळे पुसत, रुमाल या वेळी खरोखरच ओला करत. मग सगळा मांडव. कोष्ट्याची पोरगी त्या संध्याकाळी माहेरी पोचली.

पुढच्या वर्षीपासून मंचावर सांगणाऱ्याच्या शेजारी हूं म्हणणाऱ्याचीही बैठक मांडू लागले. अव्वा आणखी काही वर्षं येत राहिली. रांगेत पहिली हूं म्हणणारी ती बाई दर वर्षी तिच्या शेजारी बसायची. अव्वा गेली, पण कोष्ट्याच्या पोरीची गोष्ट गेली नाही. ती बाई आता गावोगाव सांगते, आणि पाखराचं तेलुगू तिला अव्वापेक्षाही झोकात जमतं, असं दाजी म्हणतात.

आमची अक्का गेल्या वर्षी गेली. मी परवा उदगीरला गेलो होतो. दाजी फार थकले आहेत, नजरही अधू झाली आहे. मी त्यांच्यासमोर बसलो. घरात आम्ही दोघेच होतो. मग ते म्हणाले, “मास्तर, तुमची अक्का लग्न होऊन आमच्या घरी आली, तवा उंबऱ्यात उभी राहिली होती.” आणि थांबले. मला वाटलं, पुढचं बोलवत नसेल, म्हणून मी आदराने मान खाली घातली. दाजी माझ्याकडे चेहरा करून तसेच बसून राहिले. “उंबऱ्यात उभी राहिली होती,” ते पुन्हा म्हणाले आणि पुन्हा थांबले. आयुष्यभर साऱ्या मुलखाला हूं देत आलेला हा माणूस पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगायला बसला होता, आणि त्याच्यासमोर कुणी आहे की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

“हूं,” मी म्हणालो.

दाजींनी मांडी नीट घातली. “लई ऊन होतं बगा त्या दिवशी,” ते म्हणाले, आणि सांगू लागले.