फक्त माणसं

ऐका ना, मध्ये कोणी बोलू नका, नाहीतर विसरेन.

दुपार आहे. वादळानंतर आम्हाला ठेवलेलं त्या निवाऱ्याच्या शाळेत, पाचवीच्या वर्गात, मी बाकावर आडवी झालेय. झोप लागत नाहीये, जागही धड नाहीये. बाहेर खिचडीच्या ताटांचा आवाज चाललाय, तो हळूहळू लांब जातो, आणि फळ्यापुढे हिराजीमामा उभे असतात. आमच्या बेटावरच्या जनावरांच्या दवाखान्यातले मलमपट्टीवाले ड्रेसर, अख्खं बेट त्यांना डॉक्टरच म्हणायचं. चार दिवसांपूर्वी त्यांना अग्नी दिलाय. आणि इथे ते लेंग्याचं पाणी पिळतायत.

"मामा, तुम्ही गेलात ना?"

"गेलो. म्हणून काम थांबतं काय गो? धर तिला."

वर्ग नाहीये आता. दवाखान्याचं पत्र्याचं टेबल आहे आणि टेबलावर माझी कुत्री. खेकड्यासारखी तिरकी चालते म्हणून चिंबोरी. मामा तिला मागच्या पायांनी उलटी धरतात, बरगड्यांवर थापा मारतात. तिच्या नाकातोंडातून समुद्र येतो, येतच राहतो, माझ्या घोट्यांपर्यंत.

तुम्हाला माहितीये ना काय झालं ते? वादळाच्या सकाळी शेवटची बोट आली आणि तहसीलचे साहेब भोंग्यातून सांगतायत, फक्त माणसं, जनावरं नंतर. चिंबोरी बोटीमागे पोहत येईल आणि बुडेल म्हणून मी तिला खांबाला बांधली. सगळ्यांनीच बांधली आपापली. आणि बोटीत काय? सरपंचांची स्कूटर. आडवी झोपवलेली, वर ताडपत्री घालून, थंडी वाजेल ना तिला. मामांनी ती बघितली, पिशवी आणि कोयती घेतली आणि उतरले. एकेकाच्या दारात दोर कापत गेले. आमच्या खांबाशी सापडले, चिंबोरीजवळच.

"पेपरात काय आलं?" मामा विचारतात.

"जीवितहानी एक."

"एक? अख्खा पाडा माझ्या कानात भुंकत होता. तीन अर्ज दिलेले मी, वादळात जनावरांना एक होडी द्या. उत्तर काय आलं?"

"योग्य ती कार्यवाही करण्यात येईल."

"मग केली कुणी?"

"तुम्ही."

हसतात. हसताना तोंडातून पाणी येतं, ते बाहीने पुसतात.

आमचं अंगण आहे. पाणी कमरेला लागतंय आणि चिंबोरी खांबाला, मान वर करून.

"इथवर सगळे सोडवले," मामा म्हणतात. "मग कोयती वाहून गेली आणि समोर तुझी गाठ. एवढी घट्ट शिकवली कुणी?"

"तुम्हीच. म्हशीसाठी."

"म्हणजे मीच गाढव."

"मामा, मी बांधलीच नसती तर—"

"गप. बांधायला लावली कुणी, त्याच्यावर चीड. तू आपल्यालाच खात बसशील आणि तो साहेब आरामात पापलेट खाईल. दात आहेत ना? सोड."

मी दातांनी धरते. दोर फुगलाय, खारट आहे, हिरड्या सोलवटतात. चिंबोरी माझ्या कानाशी धापा टाकतेय, गरम गरम, आणि मी ओढते, ओढते, आणि एक वेढा सरकतो. मग दुसरा. ती सुटते आणि तिरकी तिरकी पाण्यावरून चालत जाते, मागे बघतही नाही. मामा पिशवी उचलतात.

"थांबा ना."

"कान बघायचेत तिचे. पाणी गेलंय."

डोळे उघडतात तर बाकावर लाळ, आणि दारात तोच साहेब वही घेऊन उभा. "तुमच्या घरात कोणी दगावलं?"

"चिंबोरी."

"वय?"

"तीन वर्षं. कुत्री."

त्याने पेन खाली केलं, मान हलवली आणि पुढच्या वर्गात गेला. मला इतकं बोलायचं होतं त्याला, पण जिभेला काहीतरी टोचत होतं. पुढच्या दोन दातांत काथ्याचा तंतू. आमचा दोर काथ्याचाच होता. त्या शाळेत मी सगळीकडे शोधलं, काथ्याचं काहीच नाही तिथे.

हा बघा, अजून दातांतच आहे. ओढू नकोस गं, दुखतंय.