लेस्टरची सोडचिठ्ठी, गावचा गणपती

...तर हवालदार दारात उभा, आणि सुगंधा बांगडे साफ करता करता तशीच उठून आलेली. हवालदार म्हणतो, "बाई, इथं सही करा." ही म्हणते, "थांबा हो, हात तरी धुऊन येते. कागदाला मासळीचा वास लागला तर कोर्ट म्हणेल, हिनं लाच दिली!" हवालदार पोट धरून हसला. पण कागद हसण्यातला नव्हता. गोष्ट काल इथवरच आली होती, नाही का?

तर तो होता बोरिवलीच्या कोर्टाचा समन्स. पहिलं लग्न कायम असताना दुसरं लग्न केलं म्हणून फिर्याद, आणि फिर्यादी कोण, तर पहिला नवरा सिद्धेश. शाबित झालं तर सात वर्षांपर्यंत आत, आणि दुसरं लग्न मुळातच रद्द. दुसरा नवरा जयवंत, मालाडला त्याचं चष्म्याचं दुकान, सरळमार्गी माणूस. त्यानं समन्स दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि म्हणाला, "म्हणजे मी कोण गं? मुद्देमाल?"

सुगंधा हसली खरी, पण त्या दिवशी बांगड्याच्या तिखल्यात मीठच पडलं नाही.

बाई तशी साधी. दहिसरच्या चाळीत वाढली, बाप गिरणीतला, मूळ गाव देवगडकडे. लग्न झालं आणि सिद्धेश एकटाच विलायतेला गेला, लेस्टर नावाच्या गावी. हिचा व्हिसा येईपर्यंत ही कोकणात सासूजवळ. मग तीही गेली, तिथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करू लागली. पण संसार काही रुजला नाही. मारझोड नाही, तिसरं माणूस नाही. दोघं एका घरात राहायची आणि आठवडा आठवडा बोलायची नाहीत, बस्स. शेवटी दोघांनी मिळून तिथल्या कोर्टात अर्ज केला, राजीखुशीनं मोकळी झाली, आणि ही दहिसरला परत आली.

आता वकीलीण केली तेजल. पोरगी चुणचुणीत, बोलायला सुरी. तिनं विचारलं, "ताई, घटस्फोटाचा कागद आहे ना?"

"आहे की. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलाय."

"मोबाइलमधल्या फोटोवर नवरा सुटत नसतो, ताई! त्या कोर्टाच्या शिक्क्याची खरी नक्कल मागवा, वर तिथल्या सरकारचा दाखला लावून. आणि तेवढ्यानंही भागत नाही. निकाल एकतर्फी नव्हता, सिद्धेश स्वतः त्यात होता, त्यात बनवाबनवी नव्हती, हे सगळं दिसलं पाहिजे. लग्न झालं होतं हे तो दाखवणार. मोडलं होतं हे आपण दाखवायचं."

लेस्टरच्या एका मैत्रिणीनं खेपा घालून नक्कल मिळवली, दाखला लावला, पाठवली. अर्जावर दोघांच्या सह्या. तेजल म्हणाली, "झकास! आता काय बोलेल तो?"

आणि तो बोलला, बरं का! पिंजऱ्यात उभा राहून सिद्धेश म्हणाला, "सही माझीच आहे. पण तो व्हिसाच्या सोयीसाठी केलेला देखावा होता. खरं लग्न चालूच होतं. हे बघा." आणि त्यानं फोटो पुढं केले. निकालानंतरच्या वर्षीचा गावचा गणपती. पाटावर सिद्धेश सोवळ्यात, शेजारी सुगंधा, नऊवारी, नाकात नथ, गळ्यात मंगळसूत्र, आणि तिचा हात त्याच्या हाताला लागलेला, पूजेत जोडीनं लावतात तसा.

बाहेर आल्यावर तेजल कडाडली, "वाट लागली ना ताई! हे आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठं? आणि त्यात सांगायचं काय? गणपती कोण बसवत नाही?"

आता कोकणातला माणूस असेल त्याला हे सांगायला नको. घरचा गणपती म्हणजे थोरल्या मुलानं जोडीनं पूजेला बसायचं. सिद्धेशची आई, आमच्या मालवणीत आवस, भागीरथी अंथरुणाला खिळलेली, काळीज कमजोर, डॉक्टरनं बजावलेलं की धक्का देऊ नका. तिला कुणी काही कळवलं नव्हतं. म्हणून सिद्धेशनंच दहिसरला फोन केला होता, "आईसाठी एवढं कर. पाच दिवस फक्त." सुगंधानं आधी आढेवेढे घेतले. मग स्टेशनबाहेरून खोट्या मण्यांचं मंगळसूत्र घेतलं आणि गाडीत बसली. पुढं मार्गशीर्षात म्हातारी गेली. ती जाईपर्यंत सुगंधानं जयवंतला लग्नासाठी थांबवून ठेवलं होतं.

सिद्धेशही काही राक्षस नव्हता हो. पण गावाला त्यानं सोडचिठ्ठीचं सांगितलंच नव्हतं. सुगंधाच्या दुसऱ्या लग्नाचा फोटो वाडीत पोचला तेव्हा पारावरचे म्हणाले, "काय रे, तुझी बायको दुसऱ्याच्या फोटोत कशी?" हा बोलून गेला, "मला फसवून गेली." एकदा बोलला, मग ते खरं करायला कोर्टापर्यंत आला. लोकलाज वाईट.

तेजल पण कच्ची नव्हती. तिनं त्याला पुन्हा धरलं. "तुमची बायको, तुमचा गणपती. मग तिला बोलवायला फोन का करावा लागला?"

"ती मुंबईत होती."

"गावी आल्यावर झोपायची कुठं?"

"आईजवळ."

"आणि तुम्ही?"

"पडवीत."

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. सिद्धेश मात्र खाली बघत राहिला, आणि सुगंधाला त्या घटकेला त्याची दयाच आली.

तुम्हाला घोर नको, म्हणून सांगून टाकतो. सुगंधा निर्दोष सुटली. कोर्टानं लेस्टरचा निकाल मानला, कारण अर्ज दोघांचा होता आणि बनवाबनवीचा एवढासाही पुरावा त्याला देता आला नाही. जयवंतनं त्या दिवशी दुकान बंद ठेवून अख्ख्या चाळीला पेढे वाटले.

पण खरी मजा त्याच्या आधी झाली. पुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला एकेक गोष्ट विचारतात, तुमचं म्हणणं काय म्हणून. तेजलनं पढवून ठेवलं होतं, "प्रत्येकाला एकच उत्तर. 'खोटं आहे.' दुसरा शब्द काढायचा नाही." सुगंधानं तीन-चार प्रश्नांना तसंच म्हटलं, अगदी शाळेतल्या पोरीसारखं. मग न्यायाधीशबाईंनी ते फोटो उचलले आणि विचारलं, "घटस्फोट झाला होता, तर पूजेला यांच्या शेजारी बसलात, याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?"

तेजल खालून डोळे वटारतेय. सुगंधानं फोटो बघितला. खोटं आहे, असं म्हणायला तिची जीभच उचलेना. आणि बोलली ती, टंकलेखकानं शब्दन् शब्द उतरून घेतलं ते असं:

"फोटो खरा आहे, मॅडम. मी बसले होते. हे विलायतेला होते तेव्हा मला टायफॉइड झालेला, सासूनं महिनाभर माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती अंथरुणात पडल्या पडल्या बघत होती, म्हणून बसले. घटस्फोट मियां ह्यांका दिलंय, ह्यांच्या आवशीक नाय."