शेजारच्या घरातलं रक्त

कुठल्या रोगाशी लढायची ताकद कुणाच्या अंगात किती आहे, हे देशभर रक्त तपासून बघायची योजना आली. बीडच्या बैठकीला मीही होतो. सिरसाळ्याकडच्या सरकारी दवाखान्यात मी रक्त तपासतो. दिल्लीच्या साहेबांनी तारखा सांगितल्या आणि माझं डोकंच फिरलं. ऐन पौषात!

"साहेब, दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ऊस तोडायला जातं, ते गुढीपाडव्यालाच येतं. पौषात रक्त कुणाचं घेऊ?"

"घर बंद असेल तर शेजारचं घ्यायचं. नियमच आहे."

"शेजारी बागायतदार राहतो! त्याच्या लेकरांना लसी वेळेवर मिळतात. ज्यांच्या हुकतात तीच तुम्ही वगळायला लागलात."

"भावनेवर सर्वेक्षण चालत नाही," म्हणत ते हसले. आमचे जिल्ह्याचे साहेब टेबलाखालून माझा पाय दाबत होते. लई संताप आला. समोरचा चहा मी तसाच ठेवून उठलो.

संताप येणार नाही तर काय? याच रक्तावरून ठरणार होतं, की लस घेऊन पथक ऊसतोडीच्या टोळ्यांवर पाठवायचं की नाही. माझी बहीण आणि दाजी तोडीवर होते, संगं वैशाखात जन्मलेली पोरगी. गोवराची लस नवव्या महिन्यात द्यायची, आणि तो महिना उसाच्या फडातच भरत होता. मी फोनवर ओरडायचो, "अगं, तिथल्या दवाखान्यात ने की!" ती म्हणायची, "मुकादम खाडा धरून पैसे कापतो, दादा. गेलते एकदा, तर नर्सबाई म्हणली, तुमच्या गावाला घ्या."

पौषात रक्त घेणारं पथक गावात आलं. बहिणीच्या दाराला कुलूप बघून शेजारच्या माडीत शिरलं आणि तिथल्या गुबगुबीत लेकरांचं रक्त घेऊन गेलं. अहवाल आला, गावातली बालकं सुरक्षित आहेत, टोळ्यांवर लसीच्या पथकाची गरज नाही. वर आमच्या साहेबांनी पेढे वाटले! मी पेढा हातात घेतला नाही.

फाल्गुनात टोळीत गोवर शिरला. पोरीची छाती भरली आणि ती तिकडंच गेली.

पाडव्याला बहीण ट्रॅक्टरवरून उतरली. तिनं घराचं कुलूप काढलं. त्याच आठवड्यात, टोळ्यांतल्या गोवराची बातमी कळल्यावर, दिल्लीच्या साहेबांचा फोन आला. आता म्हणे बंद राहिलेल्या घरांतल्या लेकरांचे नमुने हवेत.

"घर उघडं हाय साहेब," मी म्हणालो. "रक्त कुणाचं घेऊ?"