शॉमबर्गहून जपानच्या खोलीत

अमेरिकेत मी ताईकडे राहायला आले होते; तिच्या गावाहून, शॉमबर्गहून, गाडी निघाली तेव्हा मीच देवाचं नाव घेत होते. खरी परीक्षा माझ्या भाचीची होती. सई जन्मली, वाढली अमेरिकेतच. तिला एका म्युझियममध्ये गाईडची नोकरी हवी होती. आज तिने पाहुण्यांना फिरवायचं आणि तिथल्या मुख्य बाईंना ते पसंत पडलं, तरच नोकरी.

"मावशी, तू फक्त एन्जॉय कर. काही टच नको करू, प्लीज," ती गाडी चालवत म्हणाली.

दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, संपता संपेनात. वाटेत मी धपाटे काढले, पण सईने मान हलवून नकोच म्हटलं.

म्युझियम चिमुकलं, पण आत शिरताच मी हरखले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जागतिक प्रदर्शनासाठी जपानने अख्खं घर बोटीने पाठवलं होतं, सोबत सुतारही. त्यातली एक खोली इथे मांडली होती. कागदी सरकती दारं, खिळा दिसेल तर शपथ, आणि खाली तातामी (भाताच्या पेंढ्याची जाड चटई). सई सांगू लागली, पण पाठ केलेलं म्हणून दाखवल्यासारखं. लोक आपापल्या फोनमध्ये.

आणि मी? उंबरा दिसला, चपला काढल्या आणि समोरची दोरी ओलांडून सरळ आत. चपला काढल्या की आत जायला मोकळीक, एवढंच डोक्यात. असा भोंगा वाजला की माझी पाचावर धारण बसली. रखवालदार धावला. मुख्य बाईंचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा. माझ्यापायी पोरीची नोकरी गेली, या विचाराने मला रडूच येऊ लागलं.

सईने मला हाताला धरून बाहेर आणलं आणि लोकांकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "ही माझी मावशी. इथे चपला काढा अशी पाटी नाही. तरी तिने काढल्या. का?"

फोन खाली गेले. मग सई थांबेना. बसायचं, जेवायचं, झोपायचं याच चटईवर, म्हणून धूळ बाहेरच. सुतारांनी घर आणून जोडलं, पण ते पाहायला येणार होती बूट घालून घरात वावरणारी माणसं. एका आजोबांनी ऐकता ऐकता दोरीबाहेरच बूट काढले.

शेवटी मुख्य बाई सईला म्हणाल्या, "सोमवारपासून ये. मावशीला मात्र घरी ठेव." मी हसता हसता डोळे पुसले.

परतताना सई अखंड बोलत होती. माझी ताई या देशात आली ती दोन बॅगा घेऊन. त्यांत न मावणारं काय काय या पोरीपर्यंत पोहोचलंय, ते मला आज दिसलं.

ताईने दारातच विचारलं, "काय पाहिलंस?"

"एक खोली," मी म्हटलं, "आणि तुझी लेक."

"तिला तर रोज बघतेस."

"आज कामावर पाहिली."