हाड तुमचंच आहे!

कान-नाक-घशाच्या दवाखान्यात वीस वर्षं काढली की कपाटात औषधं कमी आणि डोक्यात किस्से जास्त साठतात. माझ्या चंद्रपूरच्या दवाखान्यातले निम्मे किस्से एकट्या सदाशिवभाऊंचे! कोरपन्याचे निवृत्त मास्तर, दर रविवारी बुद्धविहारात वंदना म्हणणारा खणखणीत आवाज, आणि सोबत कायम बायको, शांताबाई.

*

पहिल्यांदा आले तेव्हा तक्रार एकच. "घशात हाड अडकल्यावानी वाटते."

गल्लीनं त्यातलं 'अडकल्यावानी' सोडलं आणि 'हाड' तेवढं धरलं. कोणी कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावले, कोणी केळी. ठसके लागून भाऊ अर्धमेले!

"कोणता मासा खाल्ला होता?" मी विचारलं.

"मासा? मी तं शाकाहारी आहो, मॅडम! पन गल्लीत कोनी इचारलंच नाई."

*

एक्स-रे काढला. मानेच्या मणक्यांना पुढच्या बाजूनं हाड वाढलं होतं आणि अन्ननलिकेवर दाबत होतं.

"हाड आहे, भाऊ. पण तुमचंच आहे!"

भाऊ स्वतःची मान चाचपायला लागले. शांताबाई मात्र खूश. "मी म्हनतच होती, यायच्या मानेत लय अकड आहे!"

*

ऑपरेशन करता येतं, पण आवाजाच्या नसेला इजा होऊ शकते, हे मी लपवलं नाही. भाऊ उठून उभेच राहिले. "आवाज गेला तं वंदना कोन म्हनंल?"

मग तात्पुरता उपाय सांगितला. लहान घास, आणि मान खाली घालून गिळायचं.

"आजवर कोनासमोर मान खाली नाई घातली, मॅडम. आता भातासमोर घालू?"

"मी रांधलेल्या भातासमोर घाला!" शांताबाईंनी निकाल दिला. भाऊंनी घातली.

*

पुढे भाजी-भाकर सगळं मिक्सरमधून जायला लागलं. "दात आता फोटोपुरते!" भाऊ हसायचे. पण शर्ट खांद्यावरून लोंबत होता आणि मला भीती वाटत होती. एक दिवस साध्या पाण्यानं ठसका लागला, तसे भाऊच म्हणाले, "ऑपरेशनची तारीख घ्या. पन वंदना मीच म्हनीन!"

*

नागपूरला ऑपरेशन झालं. हाड गेलं, पण आवाज नुसता कुजबुजण्याइतका. भाऊ रोज सकाळी कपाशीच्या बांधावर उभं राहून बाराखडी म्हणायचे. दोन महिन्यांनी शांताबाईंचा फोन आला, "मॅडम, कपाशी बी आता तिसरीत गेली असंल!"

*

त्या रविवारी मी मुद्दाम कोरपन्याला गेले. विहार भरलेलं. भाऊंनी तोंड उघडलं, आवाज आलाच नाही. दुसऱ्या कोणीही सुरुवात केली नाही, सगळे थांबले. भाऊ घोटभर पाणी प्यायले, पुन्हा तोंड उघडलं. घोगरा, फाटका, पण आवाज! वंदना शेवटपर्यंत त्यांनीच म्हटली. मी रडले, खोटं कशाला सांगू.

नंतर खीर आली. भाऊंनी चमचा उचलला आणि मी सवयीनं ओरडले, "भाऊ, मान खाली!"

अख्खं विहार वळून बघायला लागलं. भाऊंनी मान ताठ केली, चमचाभर खीर गिळली आणि वाटी शांताबाईंपुढे धरली.

"वाढ आनखी!"