भावोजींचे रुंद टायर

गाडी धड चालत असली की तिचा किस्सा होत नाही. माणसानं तिला आणखी जोरात पळवायचं मनावर घेतलं, की किस्से साचायला लागतात! कुंभकोणमला माझं टायरचं दुकान आहे, आणि इथले निम्मे किस्से एकट्या सेतु भावोजींचे. बहिणीचा नवरा! आमच्या इथल्या मराठी घरांत जावयापुढे आवाज चढवत नाहीत, म्हणून मी आतल्या आत जळतो.

भावोजींचं पोट टॅक्सीवर. गोविंदपुरम्‌च्या उत्सवाला भजनमंडळींची ने-आण वर्षानुवर्षं त्यांचीच. दुसरं धड काम नाही. तरी कुठलासा व्हिडिओ बघून चेन्नईहून चार रुंद टायर घेऊन आले!

"भावोजी, माणसं बसली की हे घासतील."

"गाडी पळायास असती, बसायास नाहीं!"

*

पहिल्याच फेरीत मागे भजन गाणारे तीन धष्टपुष्ट भागवतर बसले, मांडीवर पेटी. प्रत्येक वळणाला टायर वरच्या पत्र्याला घासायचा. खर्र, खर्र! थोरल्या भागवतरांनी भजन थांबवलं.

"सेतु, तुझा टायर तालास चुकतो. त्यास शिकव, नाहीं तर गप्प बसव!"

*

शहाणा माणूस जुने टायर परत लावेल. यांनी एअर फिल्टरचा डबाच काढला! इंजिनला जास्त हवा मिळावी म्हणून उघडा, स्वस्तातला जाळीचा फिल्टर बसवला. गाडी अशी गुरगुरायला लागली की कमलाक्का, माझी बहीण, दुकानात येऊन बसली.

"घरीं हे घोरतात, दारीं गाडी घोरती. मीं निजूं केव्हां?"

तिच्यावर मात्र मी ओरडून घेतलं. बिचारीचा काय दोष!

*

तिरुनीलक्कुडीला रस्त्यावर भात वाळत घातलेलं. सगळे कडेनं हळू जातात. भावोजी मधून, तेही सुसाट! फिल्टरमध्ये कोंडा भरला आणि गाडी बंद. भागवतर उन्हात उभे. भातवाली म्हातारी बॉनेटमध्ये डोकावून तमिळमध्ये कडाडली, "भात कोंबड्या खातात. गाडी खाताना आज पाहिली!"

थोरले भागवतर एवढंच म्हणाले, "आणखी एकदां थांबली, तर मंडळ दुसरी गाडी ठरवील."

त्याच दिवशी मी जुना डबा पुसून भावोजींसमोर ठेवला. "उत्सव होऊं दे, मग बसवूं," म्हणाले. मी पाना असा आपटला की फरशीचा टवका उडाला!

*

उत्सवाची सकाळ. माझ्याच दुकानापुढे गाडीची पूजा. चारी टायरांखाली लिंबं, कापूर, हार. मंडळी गाडीत बसलेली. देवळातले पुजारी गुरुक्कळ म्हणाले, इंजिनालाही विभूती हवी. भावोजींनी ऐटीत गाडी चालू करून बॉनेट उघडलं. मी "नको, नको!" म्हणेपर्यंत गुरुक्कळांनी भरली मूठ फिल्टरवर सोडली.

सुर्रर्र! डोळ्यांदेखत सगळी विभूती आत!

रस्त्यावरच्या बायकांनी हात जोडले. भावोजींच्या डोळ्यांत पाणी. "पाहिलेंत? स्वामीनें ओढून घेतली!"

इंजिन दोनदा खोकलं, थरथरलं आणि बंद पडलं.

थोरले भागवतर सावकाश उतरले. फिल्टरवर उरलेली विभूती बोटानं कपाळाला लावली.

"घेतली हो, घेतली. आतां दुसरी गाडी बोलवा."