पाठीतलं पाणी

ठमाबाई आमच्या गडचिरोलीच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं आया होत्या. मी तिथे नर्स म्हणून लागले तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. अंगानं बारीक, पण हाताला पकड अशी की डॉक्टर नाव घेऊन बोलवायचे.

आमच्याकडे जंगलातल्या गावांमधून तापानं बेशुद्ध झालेली लेकरं यायची. ताप मेंदूत गेला की काय, हे पाहायला पाठीच्या कण्यातून सुईनं थोडं पाणी काढावं लागतं. त्या वेळी पेशंट कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, अगदी न हलता राहायला हवा. ते धरायचं काम ठमाबाईंचं. मुलचेऱ्याकडच्या त्या, गोंडी यायची. लेकराच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहायच्या आणि लेकरू सैल पडायचं. नळीत थेंब जमले की त्या आधी खिडकीकडे धरून बघायच्या. पाणी गढूळ असलं तर काही बोलायच्या नाहीत. नितळ असलं तर बाहेर जाऊन आईला सांगायच्या, "साफ हाय."

साठाव्या वर्षी रिटायर होऊन त्या चामोर्शीला लेकीकडे, नूतनकडे राहायला गेल्या. नूतन अंगणवाडी चालवते. नवरा चंद्रपूरला कामाला, पंधरा दिवसांनी घरी येतो. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग नूतनचे फोन यायला लागले. आई कुकरमध्ये पाणी न घालताच तांदूळ लावते. बाजारातून रिकामी पिशवी घेऊन येते. एकच गोष्ट दहादा विचारते. नूतनला वाटायचं, आईला माझ्याकडे राहायचं नाही, म्हणून मुद्दाम करते. ती ओरडायची. एकदा तर तिनं दोन दिवस आईशी बोलणंच टाकलं होतं. मी फोनवर समजूत घालायचे, "अगं, वय झालं आता त्यांचं." नर्स असून मी हेच सांगत राहिले. बासष्ट-त्रेसष्ट हे काही तसं वय नव्हे, हे मला सुचलंच नाही.

एका मंगळवारी सकाळी वॉर्डात गेले तर दाराजवळच्या स्टुलावर ठमाबाई. निळ्या काठाची, कामावरची साडी. चामोर्शीहून पहिल्या बसनं आल्या होत्या. नवीन आया त्यांना कोणाच्या नातेवाईक म्हणून विचारत होती आणि त्या रागानं सांगत होत्या की माझी ड्युटी आहे. मला पाहून म्हणाल्या, "नंदिनी, उशीर केला तू." मी त्यांना चहा पाजला, नूतनला बोलावलं. नूतन आली ती रडतच. ती सकाळपासून त्यांना गावभर शोधत होती.

त्याच महिन्यात आम्ही त्यांना नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. मेंदूच्या फोटोवरून नीट ठरेना. डॉक्टर म्हणाले, वय फार नाही, पाठीतलं पाणी तपासून बघू. नूतन घाबरली. त्या सुईनं माणूस लुळा पडतो, असं तिनं ऐकलं होतं. तिची समजूत काढायला अर्धा तास गेला.

ठमाबाईंना काही सांगावं लागलं नाही. टेबलावर चढल्या, कुशीवर वळल्या आणि आपणहून गुडघे पोटाशी घेतले. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना धरलं.

"सैल नको पकडू," त्या म्हणाल्या. "मानंमागं हात घाल."

पाणी नितळ आलं. नळी दाखवा म्हणून त्यांनी हट्ट धरला. डॉक्टरांनी दाखवली. उजेडाकडे धरून त्यांनी बराच वेळ पाहिली.

"साफ हाय," त्या म्हणाल्या. "मंग मले काई नाई झालं."

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. दवाखान्यातून सोबत नेलेल्या नवीन आयाबाईंना त्यांच्यापाशी बाहेर बसवून आम्ही दोघी आत गेलो. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. वय वाढलं की सगळ्यांच्याच या पाण्यातली द्रव्यं थोडी कमी-जास्त होतात. म्हणून त्या वयाच्या धडधाकट माणसांचं पाणी कसं असतं, ते समोर ठेवून आकडे वाचावे लागतात. तसं वाचल्यावरही ठमाबाईंचे आकडे फार दूर गेले होते. हे म्हातारपण नव्हतं, स्मृती खाणारा आजार होता, आणि बहुतेक पाच-सात वर्षांपासून आत चालू होता. गोळ्यांनी थोडा आधार मिळेल, बरं होणार नाही.

नूतननं दोनदा विचारलं, "म्हंजे ती मुद्दाम नोती करत?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

ती हळूच म्हणाली, "मंग मी तिले काऊन एवढं बोलली?"

बाहेर आलो तर ठमाबाईंनी मला विचारलं, पाणी साफच होतं ना. सत्तावीस वर्षं ज्या खुणेवर त्या लेकरांच्या आयांना धीर देत आल्या, ती खोटी कशी ठरवू? मी म्हटलं, "साफ होतं, बाई." तेवढं खरंच होतं.

पुढची चार वर्षं नूतननं त्यांना फुलासारखं सांभाळलं. आज कोणता वार, असं सकाळपासून वीसदा विचारलं तर वीसदा सांगायची, आवाज न चढवता. दुपारी अंगणवाडीत सोबत न्यायची, लेकरांच्या ओळीत बसवून खिचडी भरवायची. तिसऱ्या वर्षी त्या नूतनला ओळखेनाशा झाल्या. तिला 'बाई' म्हणायच्या, परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं. शेवटी गिळणंच विसरल्या. छातीत कफ भरला आणि गेल्या माघात गेल्या.

तेराव्याला मी चामोर्शीला गेले होते. जेवणं उरकल्यावर नूतन माझ्याजवळ येऊन बसली. तिनं एकदा आईचे पाय धरून माफी मागितली होती म्हणे. आईनं पाय आखडून घेतले होते आणि विचारलं होतं, बाई, तुमचं काई हरवलं का?

"एकदा तरी मले ओळखून रागवाले पाह्यजे होतं तिनं, सिस्टर," ती म्हणाली. "चांगली शिव्या देऊन रागवाले पाह्यजे होतं."

मी तिच्याजवळ बसून राहिले, पाच वाजताची बस निघून गेली तरी.